वाचक विचारतात : कोडचा तुकडा पाठवताना

प्रश्न : लुआंटी या ठोकळ्यांच्या जगाच्या गेम इंजिनासाठी पणतीचा छोटा मॉड (गेममध्ये भर घालणारा कोड) लिहिला. माझ्या लॅपटॉपवर नीट चालतो. ‘इनिट.लुआ’ या मुख्य फाइलमधला लुआ भाषेतला कोड कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तर तिघांकडे तीन तऱ्हा. एकाला दुसऱ्याच ओळीवर एरर, एकाला नावाबद्दलची एरर, आणि एकाच्या गेममध्ये एरर नाही आणि पणतीही नाही. – एक वाचक, भांडुप

उत्तर : तिन्हींची कारणं वेगळी दिसतात. पहिल्याने कोड बहुधा आयफोनवर दुरुस्त केला असावा. तिथे टाइप करताना सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि लागोपाठच्या दोन हायफनांची एक लांब रेघ होते. लुआत टिप्पणी, म्हणजे फक्त माणसांनी वाचायची ओळ, दोन हायफनांनीच सुरू होते. त्यांची रेघ झाली, की टिप्पणीतलं तुमचं मराठी वाक्य कोड समजून वाचलं जातं आणि गाडी तिथेच अडते. सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड इथे जाऊन ‘स्मार्ट पंक्चुएशन’ बंद करता येतं.

दुसऱ्याकडे ‘मॉड.कॉन्फ’ ही मॉडचं नाव सांगणारी फाइल पोचलीच नाही. ती नसेल तर लुआंटी फोल्डरचं नाव हेच मॉडचं नाव धरतं. तुमच्या कोडमध्ये नोंद ‘दिवा:पणती’ अशी आणि त्याचा फोल्डर ‘नवीन’ नावाचा, म्हणजे कोलनच्या आधीचा भाग जुळत नाही आणि नोंदणी नाकारली जाते. ही नावं रोमन लिपीतली लहान अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर यांतच लिहायची, हेही मित्रांना सांगा. तिसऱ्याने मॉड त्याच्या वर्ल्डसाठी, म्हणजे तो खेळतो त्या जगासाठी, चालू केलेला नसणार. वर्ल्ड निवडून ‘सिलेक्ट मॉड्स’मध्ये जायचं आणि तो सुरू करायचा, हे प्रत्येक वर्ल्डसाठी वेगळं करावं लागतं.

म्हणून मेसेजमध्ये कोड चिकटवू नका. इनिट.लुआ, मॉड.कॉन्फ आणि टेक्स्चर्सचा फोल्डर असं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवून झिप करा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सोबत एक ओळ हवीच : लुआंटीची कोणती आवृत्ती, आणि कोणता गेम. लुआंटीवर वेगवेगळे गेम चालतात, आणि त्यांपैकी ‘माइनटेस्ट गेम’मधल्या ‘डिफॉल्ट’ मॉडवर बेतलेला तुकडा ‘व्हॉक्सेलिब्रे’ या दुसऱ्या गेममध्ये चालत नाही, कारण तिथे तो मॉडच नाही. जुन्या धड्यांत इंजिनालाच ‘माइनटेस्ट’ म्हटलेलं दिसलं तर गोंधळू नका. लुआंटी हे त्याच इंजिनचं २०२४ पासूनचं नाव.

प्रश्न : लुआंटीत खेळाडू चालेल तिथे उजेड पडावा म्हणून ग्लोबलस्टेपमध्ये दहा ओळी लिहिल्या. एकटा खेळतो तेव्हा ठीक, चौघं आले की गेम अडखळतो. – एक वाचक, परळ

उत्तर : ग्लोबलस्टेपमधलं फंक्शन सर्व्हरच्या प्रत्येक पावलाला (स्टेपला) चालतं. समर्पित (फक्त सर्व्हर म्हणून चालणाऱ्या) सर्व्हरवर हे पाऊल मुळात ०.०९ सेकंदांचं असतं, म्हणजे सेकंदाला साधारण ११ वेळा. चार खेळाडू म्हणजे ४४ वेळा ब्लॉक बदलणं, दर वेळी उजेडाचं गणित नव्याने, आणि तो बदल सगळ्यांच्या मशीनवर पाठवणं.

फंक्शनला मिळणारा ‘डीटाईम’ (मागच्या पावलापासून गेलेले सेकंद) एका टायमरमध्ये साठवत जा, तो ०.५ च्या खाली असेल तर तिथूनच परत फिरा, नाहीतर त्यातून ०.५ वजा करून पुढचं काम करा. टायमर फंक्शनच्या बाहेर ‘लोकल’ म्हणून लिहा. आत लिहिला तर दर वेळी शून्यावर येतो आणि उजेड कधीच पडत नाही. ही चूक फार जणांकडून होते. मग खेळाडूची जागा पूर्णांकात आणा, आणि ती मागच्या वेळचीच असेल तर काहीही करू नका. खरी बचत इथेच आहे. मागची जागा खेळाडूच्या नावाने टेबलमध्ये ठेवा. नव्या जागी उजेडाचा ब्लॉक फक्त हवेच्या जागी बसवा, नाहीतर कोणाची तरी भिंत जाईल. खेळाडू बाहेर पडला की त्याचा शेवटचा ब्लॉक काढून टेबलमधली नोंदही पुसा.

प्रश्न : दुसऱ्याच्या मॉडमधल्या वीस ओळी माझ्या मॉडमध्ये घालून वाटू शकतो का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : आधी लायसन्सची फाइल उघडा. ‘एमआयटी’ हे मोकळं लायसन्स असेल तर चालेल, फक्त मूळ कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. लायसन्सच नसेल तर लेखकाला विचारा, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामही येतो. चित्रांचं आणि आवाजांचं लायसन्स कोडपेक्षा वेगळं असू शकतं, तेही पाहा.