तुझा तक्ता क्रमांक तीन

अनेक आशीर्वाद.

तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा परवा रात्री एकदा वाचला आणि काल सकाळी ईसीजीचा ढीग उपसण्याआधी पुन्हा वाचला. भाषा स्वच्छ आहे, आलेख नीट काढलेत, आणि ती 'पी'ची किंमत (फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही असं सांगणारा आकडा) पडद्यावर उमटली तेव्हा तुला किती आनंद झाला असेल हे मी ओळखून आहे. म्हणून वाईट बातमी आधीच सांगून टाकतो. तक्ता क्रमांक तीन आहे तसा छापायचा नाही.

तुझी मांडणी अशी: हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडलेल्या, ज्या रुग्णांनी डिस्चार्जनंतर पहिल्या वर्षात किमान चार फॉलोअप केले ते 'नियमित', उरलेले 'अनियमित'. नियमितांमध्ये मृत्यू निम्म्याहून कमी, म्हणून फॉलोअपने जीव वाचतो. आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आण. ठरल्या दिवशी पहिल्या फॉलोअपला आला. गोळ्यांची पाकिटं पिशवीतून काढून टेबलावर ओळीने मांडली, रोजच्या वजनाची वही पुढे केली. सातव्या आठवड्यात झोपेतच गेला. तुझ्या तक्त्यात हा माणूस कुठे आहे? 'अनियमित'मध्ये. चार फेऱ्या पूर्ण करायच्या तर माणूस तेवढे दिवस जगायला हवा, आणि जो जगला नाही त्याला तू बेशिस्तांच्या रांगेत बसवलंस. नियमितांच्या गटात सुरुवातीच्या काळात मृत्यू होऊच शकत नव्हता. तो काळ तू त्यांना फुकट बहाल केलास.

संख्याशास्त्रवाले याला 'इमॉर्टल टाइम बायस', म्हणजे 'अमर काळा'चा दोष म्हणतात. लाजू नकोस, यात भलेभले फसले आहेत. हृदय प्रत्यारोपणाच्या पहिल्या काही वर्षांतले अहवाल प्रत्यारोपण झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा जास्त जगतात असं सांगत होते. संख्याशास्त्रज्ञ मिचेल गेल यांनी १९७२ मध्ये त्यावर बोट ठेवलं: नवं हृदय मिळेपर्यंत जो तग धरून राहिला तोच प्रत्यारोपणाच्या गटात गेला, वाट पाहताना जो वारला तो दुसऱ्या गटाच्या खात्यावर पडला. मग फरक शस्त्रक्रियेचा की वाट पाहू शकण्याचा?

तुझ्यापुरता उपाय अवघड नाही. एक ठरावीक दिवस धर, समज नव्वदावा. त्या दिवशी जे जिवंत आहेत तेवढेच घे, तोवरच्या फेऱ्यांवरून गट पाड आणि मृत्यू त्यानंतरचेच मोज. नव्वद दिवसांआधी गेलेल्यांची संख्या वेगळी, ठळक, तक्त्याच्या वर दे. फॉलोअप हा काळानुसार बदलणारा घटक मानूनही गणित करता येतं, ते संख्याशास्त्रज्ञाला विचार. आकडे हातात आल्यावर नव्हे, प्रोटोकॉल लिहितानाच विचारायला हवं होतं, पण ते जाऊ दे.

हे केल्यावर फरक कमी होईल. बहुधा थोडा उरेलही, आणि तिथे दुसरा सापळा आहे. कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या जुन्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना क्लोफायब्रेट हे रक्तातली चरबी कमी करणारं औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, दिली होती. १९८० मध्ये त्यातला एक उपनिष्कर्ष आला. क्लोफायब्रेटच्या ८० टक्के किंवा जास्त गोळ्या घेणाऱ्यांत पाच वर्षांत १५.० टक्के मृत्यू झाले, कमी घेणाऱ्यांत २४.६. औषधाची जाहिरात करायला पुरेसा फरक. मग प्लासिबोवाले पाहिले. तिथे गोळ्या नेमाने घेणाऱ्यांत १५.१ टक्के आणि चुकवणाऱ्यांत २८.२. निव्वळ पोकळ गोळी, पण ती नेमाने घेणारा जास्त जगतो! कारण गोळीत नव्हतं, नेमाने घेणाऱ्या माणसात होतं. त्याची तब्येत, घरी आठवण करून देणारं कोणी असणं, वेळ, पैसा, स्वभाव. त्या लेखकांनी माहीत असलेले कितीतरी घटक गणितात घेऊन पाहिले, तरी तो फरक पुसला गेला नाही. तुझे चार फॉलोअप करणारे रुग्णही जिना चढू शकणारे आहेत, हे विसरू नकोस.

तुझ्या मसुद्याच्या अकराव्या पानावर तळटीप आहे: 'संपर्क न झालेले रुग्ण विश्लेषणातून वगळले.' हे वाक्य वाचून मला माझी पहिली नोंदवही आठवली.

मी तेव्हा तुझ्याच वयाचा, झटक्यानंतरच्या रुग्णांची एक वर्षाची नोंद ठेवत होतो. शेवटच्या रकान्यात सुबक अक्षरात 'संपर्क नाही' असं बऱ्याच ओळींत लिहिलं होतं. माझे वरिष्ठ वही चाळून एवढंच म्हणाले, "ही माणसं कुठे आहेत?" मी म्हटलं, आली नाहीत. ते म्हणाले, "मी कुठे आहेत विचारलं." त्या संध्याकाळी फोन घेऊन बसलो. पहिला नंबर बंद. दुसरा एका बाईंनी उचलला. मी नाव घेऊन विचारलं, ते चेकअपला का आले नाहीत. पलीकडे क्षणभर काही नाही, मग त्या म्हणाल्या, "ते गेले हो, तुमच्याकडून निघाल्यावर महिन्याभरात. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." मी काय बोललो ते आता आठवत नाही. काही जण गाव बदलून गेले होते, एक जण दुसऱ्या डॉक्टरकडे जात होता आणि ठणठणीत होता. पण त्या सुबक रकान्यात मृत्यू जास्त होते, आणि ते मोजल्यावर माझा निष्कर्ष उलटला नाही तरी पार लुळा पडला. तो लेख मी छापलाच नाही. वही अजून आहे माझ्याकडे.

तेव्हा तुझी तळटीप काढ आणि फोनला लाग. आधी नैतिकता समितीची परवानगी तपास. रुग्णाने कन्सेंटवर सही केली तेव्हा घरी फोन करण्याची मुभा दिली होती का, तेही बघ. फोन सहायकाला करायला लावू नकोस. आणि 'पेशंट आहेत का' असं सुरू करू नकोस, आधी स्वतःचं नाव सांग, घरी सगळे कसे आहेत ते विचार. लोक आपणहून सांगतात.

आता तुझा दुसरा निष्कर्ष. सहा महिन्यांनी इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) सुधारलं, असं तू लिहितेस. कोणाचं? ज्यांचा सहाव्या महिन्यात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला त्यांचं. मेलेल्या माणसाचा इको होत नाही. सुरुवातीला ज्यांचं हृदय सगळ्यात थकलेलं होतं तेच गेले, उरलेल्यांची सरासरी आपोआप वर आली. एकाही रुग्णात काडीचा फरक पडला नसता तरी तुझा आलेख वर गेला असता. आधीची सरासरी सगळ्यांची आणि नंतरची उरलेल्यांची, अशी तुलना करू नये. निदान त्याच माणसांची आधीची आणि नंतरची किंमत शेजारी ठेव, आणि किती जणांचा दुसरा इको झालाच नाही, का झाला नाही, ते तिथेच लिही.

आणि आलेख खराखुरा वर गेला, तरी लगेच हुरळून जाऊ नकोस. 'कास्ट' चाचणीची गोष्ट तुला परीक्षेपुरती माहीत असेल, ती पुन्हा सावकाश वाच. झटक्यानंतर ज्यांच्या ईसीजीवर वेंट्रिकलचे (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे) जादा ठोके दिसतात त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त, हे ठाऊक होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके दाबून टाकत. पट्टी स्वच्छ दिसायची, डॉक्टर खूश, रुग्ण खूश. औषध चालू होतं आणि चालूच राहिलं असतं. मग कोणीतरी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. औषधाच्या गटात ७५५ पैकी ६३ जण दगावले, प्लासिबोच्या गटात ७४३ पैकी २६. १९८९ मध्ये ती दोन्ही औषधं चाचणीतून थांबवावी लागली. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की ज्यांचे ठोके औषधाने आधी दबल्याचं दिसलं होतं अशाच रुग्णांमध्ये ही वाटणी केली होती. म्हणजे आपण ज्यांना 'औषध लागू पडलं' म्हणतो, तीच माणसं.

ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) धमन्यांतला अडथळा किती पकडते, या पुढच्या अभ्यासाबद्दल तू विचारलंयस: 'जुन्या फायलींतून सहज होईल ना?' सहज होईल, आणि चुकीचा होईल. कागद घे, माझ्याबरोबर गणित कर. समज १००० जणांची टेस्ट झाली, त्यातल्या १०० जणांच्या धमन्यांत खरोखर अडथळा आहे. टेस्ट त्यातले ७० पकडते, ३० निसटतात. निरोगी ९०० पैकी १८० जणांची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येते, ७२० जणांची निगेटिव्ह. आता वॉर्डात काय होतं? पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांची अँजिओग्राफी, म्हणजे अडथळा खरंच आहे का हे दाखवणारी धमन्यांची तपासणी, होते. निगेटिव्हवाले घरी जातात, दहातल्या एखाद्याचीच अँजिओ होते. तू फायली काढशील त्या अँजिओ झालेल्यांच्या. निसटलेल्या ३० पैकी ३ तुला दिसतील. मग तुझ्या हिशेबी टेस्टने ७३ पैकी ७० पकडले, म्हणजे ९६ टक्के! खरा आकडा ७०. दुसरीकडे, निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची तिची खरी क्षमता ८० टक्के, तुझ्या फायलींत ती २५२ पैकी ७२, म्हणजे २९ टक्क्यांवर येईल. एकच टेस्ट, एकदा देव, एकदा दगड. टेस्टमध्ये काही बदललं नाही. घरी गेलेल्यांच्या फायली तुझ्या टेबलावर आल्या नाहीत, एवढंच.

ट्रोपोनिनबद्दल (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) तू लिहिलेला परिच्छेद ठीक आहे. फक्त किडनी निकामी असलेले आणि सेप्सिसचे (अंगभर पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गाचे) रुग्ण वगळलेस ते का, ते स्पष्ट लिही. रोजच्या कामात डोकं खाजवायला लावणारे तेच असतात.

'बरं वाटतं का' या प्रश्नावलीबद्दल मात्र जरा भांडायचं आहे. ती घेतलीस हे फार छान. माणूस किती वर्षं जगला याइतकंच तो अंथरुणावरून उठून बसतो का, पाय सुजतात का, हेही मोजायला हवं. पण ती तूच विचारलीस, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून. तुझ्या तोंडावर कोण म्हणेल, डॉक्टर, काही उपयोग झाला नाही? २०१७ मध्ये 'ऑर्बिटा' चाचणीने स्थिर अंजायनाच्या (श्रम केल्यावर छातीत दुखण्याच्या) २०० रुग्णांना दोन गटांत वाटलं. एकाची अँजिओप्लास्टी, म्हणजे धमनीतला अडथळा उघडून स्टेंट ही जाळीदार नळी बसवणं, दुसऱ्याची नुसती कॅथलॅबमधली लुटुपुटीची प्रक्रिया, आणि कोणाचं काय झालं हे रुग्णाला माहीत नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन गटांत फरक पडला १६.६ सेकंदांचा, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा. बरं वाटलं दोघांनाही. स्टेंट घालणाऱ्यांना हे फार लागलं. त्याच मंडळींनी २०२३ मध्ये ३०१ रुग्णांवर दुसरी चाचणी केली, यावेळी अंजायनाची औषधं थांबवून, आणि तिथे स्टेंटने छातीतलं दुखणं खरंच कमी झालं. दोन्ही निकाल मला आवडतात. पहिल्या निकालावर आधीच खूश असलेले काही लोक दुसऱ्याचं नाव काढत नाहीत, त्यांच्यापासून जरा लांब राहा. तुझी प्रश्नावली मात्र गट माहीत नसलेल्या कोणाकडून तरी भरून घे.

राहिले उपगट, म्हणजे वय, लिंग वगैरेंवरून रुग्णांचे पाडलेले छोटे गट. साठ वर्षांखालच्या, मधुमेह नसलेल्या स्त्रियांमध्ये विशेष फायदा, असं तू निष्कर्षात आणलंयस. किती उपगट पाहिल्यावर हा सापडला? 'आयसिस-२' या झटक्याच्या रुग्णांवरच्या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनचा फायदा नि:संशय होता. उपगटांसाठी आग्रह झाला तेव्हा संशोधकांनी रुग्णांच्या राशी पाहिल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने किंचित तोटाच होतो असं निघालं. १९८८ च्या त्या लेखात ते छापलंही आहे. माझी रास तूळ आहे, आणि झटका आला तर ॲस्पिरिन मी चावूनच खाणार आहे. स्त्रियांबद्दलचा तुझा प्रश्न खरा आहे, हृदयाच्या चाचण्यांत त्या फार कमी घेतल्या गेल्या. म्हणूनच तो तळाच्या ओळीत उरकण्यासारखा नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास कर, मी बरोबर आहे.

सबमिशनची तारीख जवळ आली म्हणून तुझे प्रमुख घाई करतील. त्यांच्याशी मी बोलेन. तू आत्ता फक्त फाइल उघड आणि तीन रकाने वाढव: डिस्चार्जची तारीख, रुग्ण जिवंत असल्याचं शेवटचं कळलं ती तारीख, आणि ते कोणी सांगितलं. तिसरा रकाना लोक ठेवत नाहीत, तू ठेव. पंधरा दिवसांनी ते तीन रकाने भरून पाठव. निष्कर्ष इतक्यात लिहू नकोस, आणि 'संपर्क नाही' असं जिथे उरेल तिथे किती वेळा, कोणत्या वेळी फोन केला तेही समोर लिही. रात्री आठनंतर लोक फोन उचलतात.