बडोद्यात पोपट बघायला सुरुवात करताना

दुर्बीण नसली तरी चालेल, घ्यायचीच असेल तर 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. कमाटीबागेत विश्वामित्री नदीच्या बाजूची जुनी, ढोलीवाली झाडं धरा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. थवे रातथाऱ्याकडे (रात्री बसायच्या झाडांकडे) परततात तेव्हा आधी ओरडा ऐकू येतो, मग पक्षी दिसतात. म्हणून कान आधी तयार करा.

पहिल्या महिन्यात तीनच जाती ओळखा:
- नेहमीचा राघू: साधारण 40 सेंमी, खांदा हिरवाच.
- करण पोपट: शेपटीसकट 60 सेंमीच्या आसपास, खांद्यावर गडद लाल डाग, चोच भारी.
- तोता: सगळ्यांत लहान, नराचं डोकं जांभळट लाल, शेपटीचं टोक पांढरं.

सगळ्यांची हमखास चूक कंठीत, म्हणजे गळ्याभोवतीच्या रंगीत कड्यात होते. कंठी नाही म्हणजे वेगळी जात, असं नव्हे! राघू आणि करण पोपटाच्या मादीला ती नसते, पिल्लांनाही नसते. राघू-नराला यायला तीनेक वर्षं लागतात. आधी खांदा बघा, मग गळा.

जानेवारी ते एप्रिल ढोलीपासून लांब उभे राहा. मादी तोंड बाहेर काढून तुमच्याकडेच बघत बसली, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. फोनवर आवाज लावून बोलावू नका. आणि पडलेलं पिल्लू घरी नेऊन पाळू नका, वनखात्याला कळवा: 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपले देशी पोपट पाळणं गुन्हा आहे.

उपजाती, पिसं गळण्याचे टप्पे सध्या राहू द्या.