थ्री-क्वार्टर टन पिकअपवर २,९०० पाउंडचा ट्रक कॅम्पर चालेल का?

पिकअपच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, बसेल, पण गाडीला पेलवणार नाही. तुम्ही लिहिलंय की डिझेल, क्रू कॅब, फोर बाय फोर, साडेसहा फुटी बेडवाला पिकअप आहे, दाराच्या स्टिकरवर पेलोड (गाडी पाठीवर किती वजन घेऊ शकते) २,३४० पाउंड आणि जीव्हीडब्ल्यूआर (गाडी आणि सगळं ओझं मिळून जास्तीत जास्त वजन) १०,००० पाउंड, आवडलेल्या स्लाइड-इन कॅम्परचं (बेडमध्ये सरकवून बसवायची राहायची खोली) ब्रोशरमधलं ड्राय वेट २,९०० पाउंड, घरात तुम्ही दोघं आणि दोन मुलं, आणि डीलर म्हणतोय की एअरबॅग (मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) टाकल्या की काम झालं. डिपॉझिट दिलं नसेल तर कृपा करून देऊ नका. मी असंच कुणाचं तरी ऐकून घेतलं होतं आणि ते महागात पडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रोशरमधलं ड्राय वेट डोक्यातून काढून टाका. तो आकडा बहुतेक वेळा रिकाम्या टाकीचा, ऑप्शन न घेतलेल्या कॅम्परचा असतो आणि तसा कॅम्पर डीलरच्या यार्डात उभाच नसतो. एसी, ऑनिंग, मायक्रोवेव्ह, सोलर, इलेक्ट्रिक जॅक हे सगळं धरून २,९०० चे ३,२०० सहज होतात. आता पुढे मोजा. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३५, गीझरमधले सहा गॅलन ते आणखी ५०. प्रोपेनचा जो वीस पाउंडी सिलिंडर म्हणतात तो भरलेला साधारण ३७ पाउंड भरतो, असे दोन म्हणजे ७५. साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या दोन, ११०. कॅम्पर गाडीला आवळून बांधायचे टायडाउन, टर्नबकल आणि बेडमधली रबरी मॅट मिळून १५०. भांडीकुंडी, किराणा, कपडे, खुर्च्या, होस, मुलांच्या सायकली यांना ४५० धरले तरी मी हात आखडूनच धरलेत, आपल्या लोकांचा कुकर, तांदळाची पिशवी आणि लोणच्याची बरणी घरी राहत नाही. आणि चार माणसं ४५०, त्यात ड्रायव्हरही आला, कारण स्टिकरवर जे लिहिलेलं असतं ते माणसं आणि सामान मिळून. पूर्ण भरलेली डिझेलची टाकी मात्र गाडीच्या वजनात आधीच धरलेली असते.

बेरीज होते ४,८२०. तुमचं पेलोड २,३४०. म्हणजे थोडंसं जास्त वगैरे नाही, दुपटीच्या वर. गाडी रिकामी ७,६६० ची, त्यावर हे घातलं की १२,४८०.

खूप जण इथे म्हणतात की अहो माझी गाडी तर पंधरा हजार पाउंडांचा ट्रेलर ओढते, मग पाच हजार उचलणार नाही का. ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, गाडीवर येतो तो फक्त टंग वेट, म्हणजे जोडाच्या दांड्यावरचा भार, दहा ते पंधरा टक्के. कॅम्पर मात्र सगळाच्या सगळा तुमच्या पाठीवर. डिझेल इंजिन ओढायला दमदार, पण तेच इंजिन पेट्रोलपेक्षा काही शे पाउंड जड असतं आणि ते वजन तुमच्या पेलोडमधूनच जातं, म्हणून एकाच मॉडेलचा साधा पेट्रोल ट्रक भारी डिझेल ट्रकपेक्षा जास्त सामान उचलतो हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे. शिवाय हाफ टन, थ्री-क्वार्टर टन, वन टन ही आता नुसती नावं राहिलीत, त्यांचा टनाशी काही संबंध नाही. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्याच दाराच्या चौकटीवर आहे, शेजाऱ्याच्या सेम मॉडेलवर वेगळा असू शकतो, सनरूफ आणि लेदर सीटनेसुद्धा फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा, मागचा ॲक्सल आणि टायर. लोक जीव्हीडब्ल्यूआरवर वाद घालत बसतात, मला काळजी मागच्या दोन टायरची वाटते. कॅम्परचं जवळजवळ सगळं वजन मागच्या ॲक्सलवर येतं. रिकाम्या गाडीचा मागचा ॲक्सल समजा ३,१०० भरला, त्यावर माणसं सोडून बाकीचे ४,३७०, म्हणजे ७,४७०, शिवाय मागच्या सीटवरच्या मुलांचा वाटा वेगळा. दाराच्या स्टिकरवर रियर जीएडब्ल्यूआर, म्हणजे मागच्या ॲक्सलची वजनाची मर्यादा, बघा, तुमच्या वर्गातल्या गाड्यांना तो सहा हजार आणि वर काहीतरी असतो. मग टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात मॅक्स लोड लिहिलेला असतो तो वाचा. लोड रेंज ई (जड ओझ्याच्या टायरचा वर्ग) चा २४५/७५ आर १७ असेल तर ८० पीएसआयला ३,१९५ पाउंड, दोन टायरचे ६,३९०. २७५/७० आर १८ असेल तर ३,६४०, दोनचे ७,२८०. म्हणजे मोठा टायर असला तरी तुम्ही वरच जाताय. रिम बाहेरून बदलून घेतले असतील तर त्यांचंही रेटिंग असतं, ते कुणीच बघत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, माझाही थ्री-क्वार्टर टन सिंगल रियर व्हील (मागे दोनच टायरवाला) होता आणि कॅम्पर तर तुमच्यापेक्षा लहान. विकणाऱ्याने सांगितलं की आरामात नेईल, एअरबॅग लावून दिल्या, गाडी मागून दबलेली अजिबात दिसेना, मला वाटलं सगळं ठीक आहे. जुलैमध्ये युटाहला निघालो. आय-७० वर ग्रीन रिव्हर सोडलं की सलायनापर्यंत सुमारे ११० मैल ना पेट्रोल पंप ना काही, दोन्ही बाजूंना नुसते लाल कातळ. त्या पट्ट्यात मागचा उजवा टायर फुटला. गाडी एकदम एका अंगाला बसली, वर कॅम्परचं ओझं, ती झुकते की काय असं वाटलं, बायको ओरडली नाही, तिने फक्त मागे वळून मुलाचा हात धरला, ते मी अजून विसरलेलो नाही. कशीबशी बाजूला घेतली. मदत यायला चार तास लागले, चाळीसच्या आसपास तापमान आणि प्यायचं पाणी कॅम्परच्या टाकीतलं. परत आल्यावर पहिल्यांदा वजन केलं तर मागचा ॲक्सल ६,९४० आणि टायर होते ६,३९० चे. साडेपाचशे पाउंड जास्त घेऊन मी उन्हात ताशी ७५ मैलांनी गेलो होतो.

म्हणून एअरबॅगबद्दल स्पष्ट सांगतो. एअरबॅग, टिंब्रेन (मागच्या ॲक्सलवरचे रबरी आधार), जाड स्वे बार या वस्तू चांगल्या आहेत, माझ्या आताच्या गाडीवरही आहेत, गाडी डोलत नाही, मागून बसत नाही. पण त्यांनी एक पाउंडसुद्धा रेटिंग वाढत नाही. टायर तेच, ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच. उलट गाडी सरळ दिसते म्हणून आपल्याला ओझं कळत नाही. आमच्याकडे आयझेनहॉवर टनेल आहे, अकरा हजार फुटांवर, तिथून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सहा-सात टक्क्यांचा उतार आणि बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी रॅम्प बांधलेत. साडेबारा हजार पाउंड घेऊन दहा हजारांच्या गाडीने तिथून उतरायचं म्हणजे काय ते उतरताना कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

अजून एक गोष्ट आहे जी डीलर बोलत नाहीत, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी. माझं बालपण सांगली जिल्ह्यात गेलं, कारखान्याला ऊस नेणारी बैलगाडी भरताना आजोबा नेहमी बघायचे की ओझं मागे गेलं का, गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवर भारच राहत नाही. पिकअपचं अगदी तेच आहे. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे पडायला हवा, तो मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. लांब बेडसाठी बनवलेला कॅम्पर साडेसहा फुटी बेडवर टेलगेट काढून ठेवला की हेच होतं. कॅम्परच्या अंगावर त्याच्या गुरुत्वमध्याची खूण असते, आणि ट्रकबरोबर येणाऱ्या कागदांत ट्रक कॅम्पर लोडिंगचं पान असतं, त्यात कार्गो वेट रेटिंग आणि हा गुरुत्वमध्य बेडच्या पुढच्या कडेपासून किती इंचांच्या आत पडला पाहिजे ते दिलेलं असतं. काही गाड्यांच्या बाबतीत सरळ लिहिलेलं असतं की कॅम्पर बसवू नका. ते पान शोधाच.

काहीही ठरवण्याआधी या शनिवारी एक काम करा. टाकी फुल करा, घरच्यांना बसवा आणि जवळच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जा. पंधरा डॉलरच्या आसपास लागतात. पुढची चाकं पहिल्या प्लॅटफॉर्मवर आणि मागची दुसऱ्यावर येतील अशी उभी करा, म्हणजे दोन्ही ॲक्सल वेगवेगळे छापून मिळतात. दाराच्या स्टिकरवरच्या जीव्हीडब्ल्यूआर आणि जीएडब्ल्यूआरच्या आकड्यांतून ते वजा करा, जे उरतं तेवढंच तुमचं. आणि कॅम्पर वापरलेला घेत असाल तर मालकाला सांगा की तुझ्या ट्रकवर चढवून स्केलवर ने, पैसे मी देतो.

मग पर्याय काय. कॅम्पर हाच पाहिजे असेल तर गाडी बदलावी लागेल, आणि सिंगल रियर व्हीलचा वन टनही तुमच्या ४,८२० ला बहुतेक पुरणार नाही, डुअलीच लागेल, मागे चार टायर, शक्यतो पेट्रोल आणि आठ फुटी बेड. मी शेवटी वापरलेली डुअली घेतली. पार्किंगला त्रास आहे, ड्राइव्ह-थ्रूमध्ये जाता येत नाही, सहा टायरचा खर्च आहे, तरी मला पश्चात्ताप नाही. डुअली बघताना एक लक्षात ठेवा, जीव्हीडब्ल्यूआर दहा हजारांच्या वर असला की ते पेलोडचं पिवळं-पांढरं स्टिकर सक्तीचं नसतं, मग स्केलवर वजन करूनच हिशेब करावा लागतो.

आहे तीच गाडी ठेवायची असेल तर पॉप-अप कॅम्पर बघा, कापडी भिंतींचे, छत वर उचलायचे. बेस वजन बाराशेच्या आसपासचा घेतला, शंभरात बसतील एवढेच ऑप्शन, वीस गॅलन पाणी, एक सिलिंडर, एक लिथियम बॅटरी, हलके टायडाउन ८० चे आणि सामान तीनशेच्या आत ठेवलं तरी चार माणसांसकट २,३६० होतात, म्हणजे तुमचं तेही काठोकाठ भरतंय, पाणी कमी भरून निघावं लागेल. मला विचाराल तर दोन मुलं आहेत आणि गाडी डिझेल आहे तर ट्रेलर घ्या. सहा हजारांचा ट्रेलर तुमच्या गाडीवर सहाशे ते नऊशे पाउंडच टाकेल, मुलांना झोपायला जागा मिळेल, आणि मुक्कामी पोचल्यावर तो सोडून गाडी घेऊन फिरता येईल. खडकाळ कच्च्या रस्त्यावर कॅम्परची मजा वेगळी आहे हे मान्य, पण तुम्ही लिहिलेल्या ठिकाणांत आर्चेस आणि ब्राइस कॅन्यन आहेत, तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे.

आणि काहीही घेतलं तरी आहेत त्या टायरचा डॉट कोड बघा, शेवटचे चार आकडे म्हणजे कितवा आठवडा आणि कोणतं वर्ष. नक्षी शाबूत दिसते म्हणून जुना टायर ओझ्याखाली घालू नका. माझा फुटलेला टायर दिसायला नवा होता, कोड बघितला तर आठ वर्षांचा निघाला.

स्केलची पावती मिळाली की पुढच्या-मागच्या ॲक्सलचे आकडे आणि टायरचा साइज खाली लिहा, मी बसून हिशेब करून देतो.