मामाची सही आणि भुलीचा कागद

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या भाच्याला जन्मापासून हृदयाचा ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा दोष आहे. आठ महिन्यांपूर्वी ताप, उलट्या आणि मग फिट आली म्हणून खासगी रुग्णालयात नेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला गळू दिसलं आणि त्याच रात्री ऑपरेशन ठरलं. दाजी मस्कतला, बहीण बाळंतीण. तिनं फोनवर ‘करा’ म्हटलं आणि ‘हाय रिस्क’ लिहिलेल्या भुलीच्या फॉर्मवर मी सही केली. पोरगा वाचला, पण डावा हात-पाय लुळा आहे. दाजी म्हणतात, तुला सहीचा अधिकारच नव्हता. गावातले म्हणतात, सही दिलीत, आता केस होत नाही. खरं काय?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दाजीही चुकतात आणि गावातलेही.

आधी दाजींचं. नैसर्गिक पालक आई-वडीलच, मामा नव्हे, इतपत त्यांचं बरोबर आहे. पण बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी संमती देणाऱ्यांत कायदा पालकाबरोबरच, मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे अशा माणसालाही धरतो. पूर्वी हे दंड संहितेच्या कलम ८९ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आहे. शिवाय तुमच्या सहीमागे आईचा होकार होता. त्या कॉलची नोंद जपून ठेवा. आणि समजा तिथे कुणीच नसतं, तरी जीव धोक्यात असताना डॉक्टरांनी संमतीसाठी अडून राहावं असं कायदा म्हणत नाही. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयानं हा अपवाद मान्य केला आहे.

आता ‘हाय रिस्क’. तुम्ही सही केली ती काळजी घेऊनही उरणाऱ्या धोक्याला. हलगर्जीपणाला कुणी संमती देत नसतं. ‘आम्ही रुग्णालयाला जबाबदार धरणार नाही’ अशी ओळ फॉर्मवर असली तरी तिच्या आडून निष्काळजीपणा झाकता येत नाही. त्याच निकालाप्रमाणे उपचाराचं स्वरूप, पर्याय, मुख्य धोके आणि उपचार न केल्यास काय होईल, हे डॉक्टरांनी सांगायला हवं. नुसत्या शिक्क्यानं ते होत नाही. तरीही माझं मत असं, की रात्रीच्या तातडीच्या ऑपरेशनमध्ये संमतीच्या मुद्द्यावर केस उभी करू नका. तो मुद्दा तिथे लंगडा पडेल.

खरी गोष्ट भुलीच्या नोंदवहीत आहे. फॅलोच्या मुलात काही अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता थेट शरीरात जातं. एरवी फुप्फुसात गाळले जाणारे जंतू त्यामुळे मेंदूपर्यंत पोचतात आणि गळू होतं. भूल देताना हीच वाट घात करते. औषधानं रक्तदाब उतरला की आणखी अशुद्ध रक्त त्या वाटेनं जातं आणि मूल निळं पडतं. सलाइनच्या नळीतला हवेचा बुडबुडासुद्धा मेंदूत जाऊ शकतो. त्यात मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल दिलं की अंगातलं पाणी कमी होतं, आणि या मुलांचं रक्त आधीच दाट असतं. मेंदूला जे हवं ते हृदयाला परवडत नाही. भूलतज्ज्ञाला त्या रात्री तारेवरची कसरत करावी लागली असणार, हे विसरू नका.

म्हणून वाईट परिणाम झाला एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. गळू उजवीकडे, लुळेपण डावीकडे. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, म्हणजे ते गळवामुळेच आलेलं असणं अगदी शक्य आहे. ऑपरेशनआधी डावा हात हलत होता का? दाखल करतानाच्या तपासणीत ते लिहिलेलं असेल. सगळ्यात आधी ते पान शोधा.

संपूर्ण केसपेपर लेखी अर्जानं मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नका. भुलीआधीच्या तपासणीचा कागद, इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्तदाब आणि ऑक्सिजनच्या वेळेनुसार नोंदींचा भुलीचा तक्ता, औषधांच्या वेळा, आयसीयूच्या नोंदी, सगळं हवं. मग हृदयरुग्णांना भूल देणाऱ्या, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाला ते दाखवा. ऑक्सिजन उतरला का, किती वेळ, आणि त्यावर तेव्हा काय केलं, हे तो सांगेल. तक्ता कोरा असेल किंवा मागाहून भरल्यासारखा वाटत असेल, तर ती बाब तुमच्या बाजूनं वजनदार ठरते. ग्राहक आयोगात प्रत्येक प्रकरणी तज्ज्ञांचं मत सक्तीचं नाही, पण इतक्या गुंतागुंतीच्या केसमध्ये त्यावाचून मी तरी पुढे जाणार नाही.

मत अनुकूल आलं तर तक्रार तुमच्या नावे नको, मुलाच्या वतीनं आईनं करावी. वडील परदेशात असताना आईला पालक म्हणून उभं राहता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन निकालात (१९९९) स्पष्ट केलं आहे. तुम्ही साक्षीदार व्हाल. रुग्णालयाला दिलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, आणि तुमची बहीण राहते त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. मुदत दोन वर्षं. मूल अल्पवयीन आहे म्हणून मुदत वाढेल या भरवशावर राहू नका.

पोलिसांत जाण्याची घाई मात्र नको. जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) डॉक्टरांवर फौजदारी कारवाईसाठी अतिशय गंभीर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतलं जातं. तुमच्या हातात सध्या तसं काही नाही.

फिजिओथेरपीची आणि प्रवासाची बिलं आतापासून तारीखवार लावून ठेवा. भरपाईच्या मागणीला ती लागतील. केसपेपरसाठीचा अर्ज बहिणीच्या सहीनं द्या आणि पोच घ्या.