आधी तिच्या मैत्रिणींना भेट

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

कादंबरी पुरी होईपर्यंत कुणालाच भेटायचं नाही, असं तू ठरवलंयस आणि दाखला दिलायस एकोणिसाव्या शतकातली इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्राँटे हिचा. इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावी माळालगतच्या घरात एकटीच लिहीत बसलेली शार्लट! हे चित्र मला पटत नाही. त्या घरात शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या तीन लेखिका बहिणी रात्री टेबलाभोवती येरझाऱ्या घालत एकमेकींच्या लेखनावर बोलायच्या. एमिली आणि अ‍ॅन पाठोपाठ वारल्या, तेव्हा शार्लटला मैत्रिणींचाच आधार होता.

एलन नसी आणि मेरी टेलर तिला १८३१ साली रो हेडच्या शाळेत भेटल्या. एलन शांत, श्रद्धाळू. शार्लटच्या नवऱ्यानं पत्रं जाळायला सांगितली, तरी एलननं तिची शेकडो पत्रं जपली. शार्लट आज आपल्याला कळते ती बरीचशी त्यांतूनच. मेरीचा पिंडच वेगळा. १८४५ साली ती न्यूझीलंडला गेली आणि वेलिंग्टनमध्ये तिनं दुकान थाटलं. शार्लटच्या ‘शर्ली’ कादंबरीतले काही उतारे वाचून ती भडकली. पोटापाण्याचं काम हे प्रत्येक बाईचं पहिलं कर्तव्य, आणि शार्लट मात्र ते काहीजणींपुरतीच मुभा असल्यासारखं लिहिते! मेरीनं तिला पत्रात चक्क भित्री आणि गद्दार म्हटलं. तरीही पत्रं थांबली नाहीत. मला या तिघींत मेरी सगळ्यात जवळची वाटते.

कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केलशी शार्लटची ओळख झाली १८५० मध्ये, विंडरमियरजवळ. १८५३ च्या सुरुवातीला गॅस्केलची ‘रूथ’ ही कादंबरी येणार होती, म्हणून शार्लटनं आपली ‘व्हिलेट’ ही कादंबरी थोडी मागे ठेवली. समीक्षकांनी दोघींना तराजूत घालू नये, एवढ्यासाठी. शार्लट गेल्यावर तिचं चरित्र लिहिलं ते गॅस्केलनंच.

लेखिका हॅरिएट मार्टिनो या मैत्रिणीच्या बाबतीत मात्र बिनसलं. ‘व्हिलेट’बद्दल स्पष्ट मत दे, असं शार्लटनंच सांगितलं होतं. मार्टिनोनं ते दिलं: नायिकांच्या मनात प्रेमाखेरीज काही दिसतच नाही. ते शार्लटच्या जिव्हारी लागलं आणि मैत्री संपली. दोनच वर्षांनी ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्रात शार्लटवरचा मृत्युलेख लिहिला तो मार्टिनोनंच. याचं मला फार वाईट वाटतं.

तुझी ती फटकळ मैत्रीण, जिला तू काहीच दाखवायचं नाही म्हणतेस, तिला याच आठवड्यात पहिली तीन प्रकरणं दे. राग आलाच तर दोन दिवस बोलू नकोस. तिसऱ्या दिवशी मात्र तूच फोन कर.

तुझ्या,
बाई