ठोके मोजू की मिनिटं?

प्रश्न : माझं वय 57, वजन 84 किलो. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी पोटाचा घेर कमी करायला सांगितलंय. ट्रेडमिलवर माझ्या वयासाठी 'फॅट बर्न'चा पट्टा 98 ते 114 ठोक्यांचा दाखवतात. मेटोप्रोलॉल चालू आहे. कितीही जोर लावला तरी ठोके 95 च्या वर जात नाहीत, धाप मात्र लागते. मुलगा म्हणतो, पळल्याशिवाय चरबी हटत नाही. सध्या आठवड्यातून तीन दिवस वीस-वीस मिनिटं चालतो. काय करू?

उत्तर : आधी तो पट्टा बघणं सोडा. 220 वजा वय या हिशोबातून तो काढलेला असतो आणि हा हिशोब तुम्हाला लागूच होत नाही. मेटोप्रोलॉलचं कामच ठोके आवरून धरायचं. 95 ला धाप लागते, म्हणजे तुमच्या दृष्टीने तो जोराचाच व्यायाम झाला. आकडा गाठायला आणखी रेटू नका, आणि आकडा वाढावा म्हणून गोळी तर कधीच चुकवू नका. असं करणारे पेशंट मी पाहिलेत, म्हणून बजावते. धापेबद्दल मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी चालू ठेवूनच स्ट्रेस टेस्ट, म्हणजे ट्रेडमिलवर चालवत हृदयाचा आलेख बघायची तपासणी, झाली, तर तुमची खरी मर्यादा कळेल.

आता चरबी. हळू चालताना इंधनात चरबीचा वाटा जास्त असतो हे खरं, पण घेर ठरतो तो आठवड्याच्या एकूण खर्चावर आणि ताटात काय पडतं त्यावर. तुमच्या वजनाला तासभर भरभर चालून साधारण 300 कॅलरी जातात. सध्या तुमची आठवड्याची सगळी मिळून साठच मिनिटं होतात. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. बघा, कमतरता वेगाची नाही, मिनिटांची आहे.

2009 मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. वजन जास्त असलेले हृदयरोगी, दोन गट, आहाराचा सल्ला दोघांनाही. एका गटाचा नेहमीचा व्यायाम, 25 ते 40 मिनिटं. दुसऱ्याचा जोर त्याहून कमी, पण 45 ते 60 मिनिटं आणि जवळजवळ रोज. पाच महिन्यांत पहिल्या गटाचं वजन सरासरी 3.7 किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं 8.2 किलोंनी. हा अभ्यास मी प्रत्येक नव्या पेशंटला सांगते.

एक गृहस्थ रोज ट्रेडमिलवर वेग वाढवत न्यायचे आणि दोन्ही हातांनी दांडी इतकी घट्ट धरायचे की बोटांची पेरं पांढरी पडायची. अंगाचा भार दांडीवर, आणि मशीन मात्र पूर्ण कॅलरी दाखवतंय. वेग कमी करून हात सोडायला लावले, तेव्हा कुठे पाय खरं काम करू लागले.

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नाही. जोराच्या इंटरव्हल व्यायामाने, म्हणजे थोडा वेळ जोर आणि मग थोडा वेळ सावकाश असं आलटून पालटून केल्याने, हृदयाची क्षमता जास्त वाढते. पण नॉर्वेतल्या हृदयरोग्यांच्या पुनर्वसन केंद्रांच्या 2012 च्या आकडेवारीत मध्यम व्यायामाच्या 1,29,456 तासांत एकदा हृदय बंद पडलं होतं, जोराच्या व्यायामात 23,182 तासांत एकदा. धोका दोन्हीकडे कमीच, तरी पळणं सुरू करायचं तर स्ट्रेस टेस्टनंतर आणि देखरेखीखालीच.

या आठवड्यात वेळ वीस मिनिटंच ठेवा, फक्त दिवस पाच करा. पुढे दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत 50 पर्यंत या. सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं सावकाश. एकदम थांबलात तर रक्त पायात साठून चक्कर येते. छातीत, जबड्यात किंवा हातात दुखलं, आवळल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबून बसा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती खिशात हवीच. दुखणं थांबलं नाही तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा.

आणि मुलाला सोबत घ्या. त्याच्याशी बोलत चाला. वाक्य मध्येच तुटायला लागलं, की वेग कमी करायची वेळ झाली.