कृतज्ञतेची वही लिहायला घेतली की राग का येतो?

“मोठा भाऊ जाऊन आठ महिने झाले. घर, नोकरी, मुलं, सगळं नीट चाललंय. कुणी विचारलं तर मी ‘ठीक आहे’ म्हणते आणि ते खोटंही नसतं. पण आत सारखं काहीतरी दाटलेलं असतं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून रोज रात्री कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहायला लागले, तर उलट चिडचिडच वाढली. मी कृतघ्न आहे का?”

४४ वर्षांच्या एका बाईंनी पहिल्या भेटीत साधारण याच शब्दांत आपलं गाऱ्हाणं मांडलं. (ओळख पटू नये म्हणून त्यांच्या हकिगतीत आणखी एक-दोघांचे तपशील मिसळले आहेत.) समुपदेशनात हा प्रश्न नेहमी येतो. कुणाची जिवाभावाची मैत्रीण गेलेली असते, कुणाचा घटस्फोटित नवरा, कुणाचा गर्भपात झालेला असतो, कुणाचं बारा वर्षं सांभाळलेलं कुत्रं गेलेलं असतं. दुःख खरं असतं, पण त्याला लोकांच्या लेखी फारशी जागा नसते.

बाई वही सोबत घेऊन आल्या होत्या. पहिल्या तीन-चार दिवसांच्या नोंदी भरभरून लिहिलेल्या. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र रोज तेच तीन शब्द: आरोग्य, नोकरी, मुलं. मग वाक्यं सुरू झाली. ‘निदान त्याला फार दिवस त्रास झाला नाही.’ ‘निदान आई धरून आहे.’ या पानांवर पेन इतकं दाबून चालवलं होतं की अक्षरं मागच्या पानावर उमटली होती. राग कुठे आहे ते शोधायची गरजच नव्हती.

तरीही वहीवर बोलण्याआधी काही गोष्टी तपासाव्याच लागतात. झोप किती लागते, वजन उतरलंय का, कामात चुका वाढल्यात का, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घ्यावा लागतो का. आणि मरणाचे विचार येतात का, हे आडून आडून नव्हे, सरळ विचारायचं. विचारल्यामुळे ते विचार डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे; बहुतेकांना उलट मोकळं वाटतं. बाई म्हणाल्या, “त्याला भेटावंसं वाटतं, पण मरावंसं नाही वाटत.” हा फरक महत्त्वाचा. पहाटे चारला जाग येण्यापलीकडे बाकी काही काळजीचं नव्हतं, म्हणून पुढचं काम समुपदेशनातच करता येण्यासारखं होतं.

घराघरात दुःखाची एक अलिखित उतरंड असते. दादा गेल्यावर आईचं दुःख पहिलं, वहिनीचं आणि तिच्या मुलांचं त्याच्या बरोबरीचं. बहीण आली ती धीर द्यायला. फोन करणारा प्रत्येक जण त्यांना “आईकडे लक्ष दे”, “वहिनीला एकटं सोडू नकोस” एवढंच सांगायचा. आई तर स्पष्टच म्हणाली, “तू रडू नकोस, मग मी कुणाकडे बघू?” या बाई कुणाकडे बघणार, हा विचार कुणाला सुचला नाही, त्यांना स्वतःलाही नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा मान्यता न मिळालेल्या शोकाची मांडणी केली. मान्यता नसली की माणूस आपलं दुःख स्वतःही हिशेबात धरत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत एकच काम केलं: नेमकं काय काय गेलं त्याची यादी. ‘दादा गेला’ एवढ्यावर थांबायचं नाही. रोज रात्री साडेनऊचा त्याचा फोन गेला. त्यात महत्त्वाचं काहीच नसायचं. सही करण्याआधी कागद वाचून बघणारा माणूस गेला. बाबांच्या तापटपणाच्या गोष्टी सांगून हसता येईल असा दुसरा साक्षीदार आता उरला नाही. आणि सगळ्यात शेवटी, बऱ्याच वेळाने, “मी आता कुणाचीच धाकटी नाही.” हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. यादीतल्या एकाही गोष्टीसाठी कुणी सांत्वनाला येत नाही.

आता वहीकडे. कृतज्ञतेच्या नोंदींवरचे प्रयोग खरे आहेत, पण ते ऐकीव स्वरूपात आपल्यापर्यंत येताना अर्धे झाले आहेत. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांच्या २००३ च्या गाजलेल्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या. मार्टिन सेलिग्मन यांच्या चमूच्या २००५ च्या प्रयोगात रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी होत्या, पण फक्त एक आठवडा, आणि प्रत्येक गोष्ट का घडली हेही लिहायचं होतं. लोकांनी त्यातले ‘रोज’ आणि ‘तीन’ उचलले. ‘एक आठवडा’ आणि ‘का’ सोडून दिले. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या चमूला तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांमध्ये फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांमध्ये नाही. शिवाय यातला कुठलाच प्रयोग खास शोकात असलेल्या माणसांसाठी आखलेला नव्हता.

रोज लिहिलं की वहीचा हजेरीपट होतो. रात्री, थकलेल्या अवस्थेत लिहिलं की दिवसभर थोपवलेलं सगळं त्याच वेळी वर येतं आणि समोरचं पान मात्र ‘चांगलं लिही’ म्हणत असतं. आणि ‘निदान’ने सुरू होणारी वाक्यं ही कृतज्ञता नसतेच, ती स्वतःला गप्प करायची भाषा असते. दुसऱ्याने आपल्याला “निदान त्रास तरी झाला नाही” म्हटलं तर जितकं लागतं, तितकंच स्वतः लिहिल्यावरही लागतं. चिडचिड वाढली ती यामुळे, कृतघ्नपणामुळे नव्हे.

वही दोन आठवडे बंद ठेवायला सांगितल्यावर बाईंना आधी नवल वाटलं आणि मग हायसं वाटलं. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, २० मिनिटं दादासाठी. झोपायच्या आधीची वेळ नको. त्यांनी ऑफिसातून आल्यावरची निवडली. मोबाइलवर गजर लावायचा, बाकी सूचना बंद. त्या वेळात लिहायचं, फोटो बघायचे, त्याचे जुने मेसेज वाचायचे किंवा नुसतं बसायचं. गजर झाला की उठायचं आणि पुढची दहा मिनिटं हाताला काम द्यायचं: कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, कपाटातला एक कप्पा. हे दहा मिनिटांचं काम बरेच जण गाळतात आणि मग “संध्याकाळभर मन जागेवर आलं नाही” म्हणतात.

या वेळापत्रकामागचा विचार मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडला. शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. एका बाजूला गेलेल्याची ओढ, रडणं, आठवणी. दुसऱ्या बाजूला बिलं, नोकरी, नवी जबाबदारी, थोडी विश्रांती. दोन्ही बाजू लागतात. अडचण येते ती एकाच बाजूला मुक्काम ठोकला की. या बाई आठ महिने फक्त दुसऱ्या बाजूला होत्या आणि सगळे त्यांना ‘खंबीर’ म्हणून शाबासकी देत होते.

पहिल्या आठवड्यात गाडी दवाखान्यावर अडकली. तिन्ही दिवस त्यांनी शेवटच्या चार दिवसांचाच पाढा लिहिला: जर मी आधी तपासणीला नेलं असतं, जर त्या रात्री तिथेच थांबले असते. हे जवळपास प्रत्येकाचं होतं. वरून आठवण वाटते, पण ती चक्राकार उलटतपासणी असते आणि तिच्यातून माणूस दरवेळी दोषीच ठरून बाहेर येतो. यावर एक साधा उपाय चालतो. ‘जर’चं वाक्य एकदाच लिहायचं, त्याच्यासमोर तारीख टाकायची आणि त्या तारखेला आपल्याला प्रत्यक्षात काय माहीत होतं ते लिहायचं. बाईंनी लिहिलं: ‘त्या दिवशी तो पित्त झालंय म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं.’ अपराधीपणा लगेच गेला नाही, पण तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिणं थांबलं.

दुसरी तक्रार होती, “वीस मिनिटं बसते, पण रडूच येत नाही.” रडू येणं हे माप नाही. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) लोकांच्या डोक्यात घट्ट बसले आहेत, पण १९६९ साली त्यांनी ते मांडले ते स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते क्रमाने पार करायचे असतात असं काही नाही.

चौथ्या भेटीच्या सुमारास नोंदी पुन्हा सुरू केल्या, नियम बदलून. आठवड्यातून एकदा, शक्यतो सुट्टीच्या सकाळी. एकच गोष्ट. ती त्याच आठवड्यात घडलेली हवी आणि तिच्यात ठिकाण, माणूस आणि कृती हवी. ‘आरोग्य’, ‘कुटुंब’ असे शब्द चालणार नाहीत. ‘निदान’ नाही, ‘पण’ नाही, इतरांशी तुलना नाही. आणि काही सापडलं नाही तर पान कोरं ठेवायचं, ओढूनताणून भरायचं नाही. हा शेवटचा नियम लोकांना सगळ्यात अवघड जातो. बाईंची पहिली नोंद अशी होती: ‘मंगळवारी लिफ्ट बंद होती. शेजारच्या काकूंनी काही न विचारता माझी एक पिशवी तिसऱ्या मजल्यापर्यंत आणली.’ त्या काकूंनी ‘कशी आहेस’ विचारलं नाही, हेच त्यांना आवडलं होतं.

मग एका आठवड्यात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. सेल बदलायला ते खाली काढलं, तर पाठीला कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर दादाच्या अक्षरात सेल बदलल्याच्या तारखा, एकाखाली एक. त्याला ही सवयच होती. बहिणीच्या घरी आला की तो असली कामं न सांगता उरकायचा. बाई आधी रडल्या आणि मग शेवटच्या तारखेतला ‘फेब्रूवारी’ बघून हसल्या. शुद्धलेखनावरून त्या त्याला शाळेपासून चिडवायच्या. त्यांनी खालच्या रिकाम्या जागेत स्वतः तारीख टाकली आणि वहीत तेवढंच लिहिलं. इथे शोक कुठे संपला आणि कृतज्ञता कुठे सुरू झाली ते वेगळं काढता येत नाही, काढायची गरजही नाही. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय माणूस सावरत नाही ही जुनी समजूत १९९० च्या दशकातच मागे पडली आहे. नातं राहतं, त्याचं रूप बदलतं.

हसल्याचा अपराधीपणा मात्र त्याच आठवड्यात उफाळून आला. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो यांनी १९९७ साली जोडीदार गमावलेल्यांचा अभ्यास केला होता. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना ज्यांना मनापासून हसू आलं, त्यांच्यात मनस्ताप कमी आढळला. हसल्यामुळेच तो कमी झाला असा अर्थ यातून काढू नये. पण हसू आलं म्हणजे प्रेम उणं होतं, हा अर्थ तर मुळीच निघत नाही.

आणखी एक काम शिल्लक होतं: कुणाला तरी सांगणं. सगळ्यांना नाही, एकाला. बाईंनी आतेबहिणीची निवड केली. वाक्य आधी ठरवून, दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं होतं: “मला सल्ला नकोय. दहा मिनिटं दादाबद्दल बोलू दे, तू फक्त ऐक.” वेळ आणि अपेक्षा दोन्ही सांगितल्याने समोरचा गांगरत नाही. वहिनीशी हे बोलणं मुद्दाम पुढे ढकललं होतं. दोघीही एकाच माणसासाठी झुरत असताना एकीने दुसरीकडून आधार मागितला की बरेचदा दोघींनाही आपण कमी पडलो असं वाटतं. दोन महिन्यांनी वहिनीनेच विषय काढला आणि बोलणं आपसूक झालं.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. गेलेल्याची तीव्र ओढ किंवा त्याचेच विचार जवळपास रोज, दिवसाचा मोठा भाग व्यापत असतील, त्याच्याशिवाय आपण कोण हेच कळेनासं झालं असेल, लोकांत मिसळणं आणि रोजची कामं अडली असतील, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. यावर वेगळी उपचारपद्धती आहे. कॅथरीन शिअर यांनी विकसित केलेली पद्धत साधारण १६ सत्रांची असते. त्यांच्याच २०१६ च्या अभ्यासात सिटालोप्राम या गोळीने सोबतचं नैराश्य उतरायला मदत केली, पण शोकाची तीव्रता कमी करण्यात सत्रांपेक्षा जास्त भर घातली नाही. म्हणून नुसती गोळी सुरू करून थांबू नये. मरण्याचे बेत मनात येत असतील तर मात्र सहा महिने मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयात जायचं आणि तोवर माणसाला एकटं सोडायचं नाही.

बाईंच्या भेटी वर्षाच्या तारखेआधी दोन आठवड्यांवर आणून थांबवल्या. त्या तारखेचा बेत कागदावर केला: सकाळी कुठे असायचं, कुणासोबत, किती वेळ, आणि असह्य झालं तर काय सांगून निघायचं. पुढच्या दोन दिवसांत कुठलं मोठं काम ठेवायचं नाही, कारण ठरवलेला दिवस बरा जातो आणि त्यानंतरचा जड जातो, असं पुष्कळांचं होतं. वीस मिनिटांची बैठक आता आठवड्यातून एकदाच आहे. वहीत महिन्याला एखाद-दुसरी नोंद होते. पहाटे चारची जाग सलग दोन आठवडे परत आली किंवा कामावर जाणं टळू लागलं, तर त्या फोन करून वेळ घेणार आहेत.